वापसा नसलेला माणूस

नमुना क्रमांक तीनशे बारा वाळत घातला होता, त्या ट्रेखाली ती वही सापडली, आणि सकाळी सव्वादहाला, चहाच्याही आधी, व्यंकटला कळलं की आपण नापास आहोत. वही निळ्या पुठ्ठ्याची होती आणि वर कन्नडमध्ये छापलं होतं, ‘हृदयद होल’. व्यंकट दहावीपर्यंत जनवाड्याला मराठी शाळेत शिकलेला. कन्नड तो बोलायचा फडाफडा, पण वाचायचा मात्र तांदळातले खडे निवडावेत तसा, एकेक अक्षर बाजूला काढून. त्यामुळे त्याला आधी वाटलं, कुणाच्या तरी हृदयाला होल पडलंय आणि ही दवाखान्याची फाईल इथे विसरून राहिलीय. आई तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या झडपेनं गेली, तेव्हापासून असली फाईल दिसली की त्याचा हात त्याला न विचारता पुढे जातो. होल म्हणजे कन्नडमध्ये शेत, हे त्याला दुसऱ्या पानावर आठवलं. हृदयाचं शेत. तोपर्यंत वही उघडलेली होती, आणि उघडलेली वही सभ्य माणसानं मिटावी असं जे म्हणतात, त्यांची नावं वहीत नसतात.

वही प्रशांतकुमारची होती. प्रशांतकुमार म्हणजे बीदरच्या ह्या माती तपासणी केंद्रात व्यंकटबरोबर आठ वर्षं काम करणारा, गावोगाव फिरून मातीच्या पिशव्या आणणारा, आठ वर्षं एकाच डब्यात व्यंकटबरोबर जेवणारा माणूस. आजोबांपासून ख्रिस्ती. रविवारी पांढरा शर्ट, सोमवारी तोच शर्ट मातीचा. तीन वर्षांपूर्वी, व्यंकटची आई जायच्या थोडं आधी, मन्नाएखेळ्ळीला त्यांच्या मंडळींचं तीन दिवसांचं शिबिर झालं होतं. बाहेरून कुणी शिकवणारे आले होते, पडद्यावर चित्रं दाखवत होते, आणि शुभवर्तमान सांगण्याआधी माणसाच्या मनाची मशागत कशी करावी हे शिकवत होते. हे सगळं प्रशांतनंच तेव्हा डबा खाता खाता सांगितलं होतं. पेरणाऱ्याची गोष्ट येशूनं सांगितलेली आहे, त्यात चार तऱ्हेच्या जमिनी आहेत, वाटेवरची, खडकाळ, काटेरी आणि चांगली, तर आपल्या आसपासची माणसं कुठल्या जमिनीची आहेत ते ओळखायचं आणि मग त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. व्यंकट तेव्हा भाकरी मोडत ‘बरं’ म्हणाला होता. आपण माणूस आहोत आणि आसपास आहोत, ह्या दोन गोष्टी त्याच्या तेव्हा ध्यानातच आल्या नव्हत्या.

पहिल्या पानावर बसव्वा. समोरच्या चहाच्या गाड्यावरची. तिच्यापुढे प्रशांतच्या अक्षरात ‘काटेरी’. ह्याला व्यंकटची हरकत नव्हती; बसव्वाकडे चहात साखर कमी आहे म्हणणारा माणूस पुन्हा साखर मागत नाही. दुसऱ्या पानावर रेवणसिद्धप्पा. केंद्रातले सगळ्यात जुने, गळ्यात लिंग, समोर चष्मा, आणि निवृत्तीला चौदा महिने. त्यांच्यापुढे लिहिलं होतं: ‘चांगली जमीन’. व्यंकटनं ते तीनदा वाचलं. रेवणसिद्धप्पा ह्या माणसानं आयुष्यात कुणालाही नाही म्हटलेलं नव्हतं. विमावाल्याला व्हय, योगासनवाल्याला व्हय, पाणी गाळायचं यंत्र विकणाऱ्याला व्हय, आणि घरी जाऊन सगळं विसरून शांतपणे आपली पूजा. असल्या जमिनीत काय पेराल ते आत जातं आणि पुन्हा कधीही वर येत नाही. तिला चांगली जमीन म्हणत नाहीत, विहीर म्हणतात. आणि मग सातव्या पानावर व्यंकट. नुसता व्यंकट. पुढे दोन शब्द: ‘हद इल्ल’.

हे दोन शब्द मात्र त्यानं खडे न निवडता वाचले, कारण शेतकऱ्यांच्या अर्जांवर ते रोज दारात येतात. हद म्हणजे आपला वापसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल ना दगड अशी होते, पेरणीची पाभर सुरळीत चालते, मूठभर माती दाबून कमरेएवढ्या उंचीवरून टाकली की भुसभुशीत फुटते, तो वापसा. हद इल्ल, वापसा नाही. बरं, एकदा लिहून हा माणूस थांबला असता तर व्यंकटनंही समजून घेतलं असतं. पण खाली तारखा होत्या. प्रत्येक तारखेपुढे पुन्हा तेच. हद इल्ल. हद इल्ल. तीन वर्षांत अकरा वेळा. म्हणजे प्रशांतकुमार दर तीन महिन्यांनी येऊन त्याला नापास करून जात होता, आणि दुपारी दीड वाजता समोर बसून “ऊटा आयतेन?” जेवण झालं का, असं हसून विचारत होता. व्यंकटनं वही मिटली आणि आपल्या डब्याच्या पिशवीत कोंबली. सध्याचे दिवस असे की ही वही काउंटरवर उघडी सापडली असती तर चहापर्यंत चार माणसं आणि दुपारपर्यंत चाळीस माणसं दारात जमली असती, यादीत कोण, कुणाला बाटवायलेत, असं ओरडत. म्हणून आपण ती लपवली, प्रशांतला वाचवायला, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की त्या चाळीस माणसांत सगळ्यात पुढे उभं राहून ओरडावं असं त्याला एक क्षणभर वाटलं होतं, आणि ओरडायचं काय तर, मला यादीत खाली का टाकलं.

रागाची गंमत अशी की तो कशाचा आहे हे ठरवता येईना. व्यंकटला ख्रिस्ती व्हायचं नव्हतं. त्याला काहीच व्हायचं नव्हतं. देवघरातला दिवा आई गेल्यापासून वडील, गुंडेराव, लावत आणि व्यंकट त्या खोलीत फक्त मोबाईल चार्ज करायला जाई. पण विचारायचं तरी! ह्या माणसानं बसव्वाला विचारलं, तिच्या काटेरी तोंडाला घाबरला नाही. रेवणसिद्धप्पांच्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली. औषधाच्या दुकानातल्या माणसाला पुस्तिका दिली. आणि आठ वर्षं एका डब्यात हात घालणाऱ्याला, ज्याला त्याच्या घरच्या कोंबडीचं नावसुद्धा ठाऊक आहे, त्याला एका शब्दानं नाही. तारणाच्या बसमध्ये सगळ्या तालुक्याला चढवलं आणि व्यंकटला स्टँडवर डबा धुवायला ठेवलं. आणि हे ठरवलं कशावरून? व्यंकट पदविकाधारक होता. भिंतीवर त्यानंच चिकटवलेला तक्ता होता: नमुना घेताना शेतात नागमोडी चालावे, आठ-दहा जागा निवडाव्यात, इंग्रजी व्हीसारखा वीतभर खड्डा घ्यावा, सगळी माती मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, अर्धा किलो उरेपर्यंत. प्रशांत त्याच्या मनात नागमोडी कधी चालला? खड्डा कुठे घेतला? कुठले दोन भाग टाकून दिले? कडेची मूठभर माती उचलून कुणी अख्ख्या शेताचा निकाल लावला तर हे केंद्र त्याचा अर्ज परत करतं, शिक्क्यासकट.

“काय रे, त्या चाळणीनं तुझं काय घोडं मारलंय?” रेवणसिद्धप्पा म्हणाले. व्यंकट तीनशे बारा नंबरची माती चाळत होता आणि निम्मी टेबलावर उडत होती.

“अप्पा, प्रशांत तुमच्याशी देवाचं बोलला हाय का कधी?”

“व्हय, बोलला की. लई छान बोलतो.”

“काय बोलला?”

रेवणसिद्धप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “ते काय आता आठवंना. पन बरोबर बोलला.”

“आन तुमी काय म्हनलाव?”

“व्हय म्हनलो.”

“कशाला व्हय म्हनलाव?”

“आता गुडघ्यासाठी कुनी हात जोडायलाय म्हनल्यावर न्हाई कामून म्हनायचं? गुडघा माझा, कष्ट त्याचे.” मग मान वाकडी करून त्यांनी व्यंकटकडे पाहिलं. “तुला न्हाई विचारलं व्हय?”

हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत बोलावणं न आलेल्या माणसाला विचारावा तसा होता.  व्यंकट उठला आणि बाटल्या धुवायला गेला. ही त्याची सवय. बाटल्या धुतलेल्याच असत, पण तो धुई. आई गेल्यापासून ह्या केंद्रातल्या बाटल्या इतक्या स्वच्छ झाल्या होत्या की तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा शेरा मारला होता, उत्तम. पाणी सोडल्यावर नळाचा आवाज होतो आणि त्या आवाजात काही ऐकू येत नाही, हे साहेबांना कुठून ठाऊक असणार. विशेषतः प्रशांतचं ते अंबाडीचं ऐकू येत नाही. ही त्या माणसाची आणखी एक खोड. महिने जात, सगळं सुरळीत चाललेलं असे, आणि मग कुठल्यातरी दुपारी, काही कारण नसताना, घास तोंडाशी नेता नेता तो म्हणे, “काकूसारखा अंबाडीचा भाजी कुनालाच येत न्हाई बग.” काकू म्हणजे सोजराबाई, व्यंकटची आई. भाजी डब्यात नसे, हंगाम नसे, विषय नसे. आणि व्यंकट उठे, बाटल्यांकडे जाई. माणसाला काही पोच असते की नाही? मेलेल्या बाईची भाजी कुणी दर तीन महिन्यांनी काढतं का?

नळाखाली बाटली भरून वाहत होती आणि व्यंकटला दवाखान्याचा तो लांब बोळ दिसत होता, हिरव्या पट्ट्याच्या भिंतींचा, जिथे चपला काढून बसायचे आणि सगळ्यांच्या चपला एकसारख्या दमलेल्या दिसायच्या. सकाळचे नऊ. आत आई, नळ्यांमध्ये. वडील खाली कुठलातरी कागद आणायला गेलेले. प्रशांत रात्रभर तिथेच होता, मोसंबी सोलून एकही फोड न खाता हातात धरून बसलेला. त्यानं विचारलं, प्रार्थना करू का. व्यंकट म्हणाला कर. तेव्हा तो कुणालाही कर म्हणाला असता; समोर झाड असतं तर झाडालाही. प्रशांतनं डोळे मिटले आणि कन्नडमध्ये बोलू लागला, हळू, घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं, म्हातारीला उठव, तिला घरी जाऊ दे, हिचा मुलगा एकटा आहे. हिचा मुलगा एकटा आहे हे व्यंकटला तोपर्यंत कुणी सांगितलेलं नव्हतं. दहा वाजता दार उघडलं आणि नर्सनं मान हलवली. मग व्यंकट जे बोलला ते त्याला शब्दशः आठवत होतं, कारण ते बोलताना तो हसला होता. “तुझ्या देवाला मराठी येत न्हाई वाटतं,” असं तो म्हणाला होता. “आता माझ्यापुढं त्याचं नाव काढू नको.” विनोद बरा होता. बोळातलं कुणी हसलं नाही. प्रशांतनं मोसंबीच्या फोडी रुमालात बांधल्या आणि खाली जाऊन गुंडेरावांना वर आणलं.

तर हे असं होतं. नाव काढू नको म्हणालो म्हणून ह्यानं तीन वर्षं काढलं नाही. इतका आज्ञाधारक माणूस! बाकी कुठे ऐकतो माझं? पिशवीला चिठ्ठी नीट बांध म्हणून आठ वर्षं सांगतोय, ते ऐकलं नाही. एका हसत बोललेल्या वाक्यावर मात्र कायमचा निकाल लावून टाकला, ह्या जमिनीत काही उगवायचं नाही, पुढचं शेत बघा. व्यंकटनं नळ बंद केला. नळ बंद झाल्यावर केंद्रात जी शांतता झाली तिच्यात त्याला स्वतःचा राग स्पष्ट ऐकू आला, आणि तो मोठा चमत्कारिक राग होता, मागं टाकलेल्या पोराचा असतो तसा. ते आणखीच लाजिरवाणं. तो पस्तीस वर्षांचा होता.

दीडला रेवणसिद्धप्पा जेवायला घरी गेले. पावणेदोनला प्रशांतकुमार मन्नाएखेळ्ळीहून आला, खांद्यावर मातीच्या पिशव्या, भुवयांवर लाल धूळ, आणि दारातूनच म्हणाला, “ऊटा आयतेन?”

व्यंकटनं वही टेबलावर ठेवली. डब्याच्या शेजारी, लोणच्याच्या झाकणाला लागून.

प्रशांतनं वहीकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, मग पिशव्या एकेक करून खाली ठेवल्या. “कुनी बगितला?”

“मी बगितली. बास हाय की तेवढं.”

“चुकून ऱ्हायला यप्पा ट्रेखाली. सकाळी घाईत—”

“अकरा वेळा,” व्यंकट म्हणाला. सकाळपासून त्यानं भाषण तयार केलं होतं, नागमोडी चालण्यापासून शिक्क्यापर्यंत, पण तोंडातून भलतंच निघालं. “बसव्वा चालती तुला. रेवणसिद्धप्पा चालतेत. त्या मानसाला तू काय बोललास ते आठवना सुदिक, आन तो चांगली जमीन! मी काय खडक हाय? मला कामून विचारलं न्हाईस?”

“तुला ख्रिस्ती व्हायचं हाय?” प्रशांतनं खरोखरच्या आश्चर्यानं विचारलं.

“न्हाई!”

“मग?”

“मग काय मग? न्हाई म्हनायला तरी विचारायचं का न्हाई? मी न्हाई म्हनलो असतो. झालं असतं. तू मला न्हाई म्हनूच दिलं न्हाईस.”

प्रशांत स्टुलावर बसला. त्यानं हात धुतले नव्हते, तरी डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. व्यंकटनंच चिकटवलेल्या. “शेवटचा ओळ वाच.”

व्यंकटला वाचायची गरज नव्हती. झाडाखालची, उकिरड्याजवळची, बांधालगतची आणि ओली जागा टाळावी.

“खडक कुटं लिवलंय मी?” प्रशांत म्हणाला. “हद इल्ल लिवलंय. वापसा काय नुसता वाळल्यावरच जातो व्हय? वल्ला होता की रं जमीन. वल्ल्या रानात कुनी नांगर घालतंय? ढेकळं व्हतेत. मग चार वर्सं फुटत न्हाईत. तूच सांगतूस की शेतकऱ्याला, ह्या टेबलावर बसून.”

“तीन वर्सं वल्ली?”

“ते मला काय ठावं! मी आपला मूठ दाबून बगायचो, मधून मधून.”

“कधी? कवा दाबलास?”

प्रशांत लोणच्याच्या झाकणाकडे बघत राहिला. आणि व्यंकटच्या डोक्यात अकरा तारखा आणि अकरा वेळची अंबाडीची भाजी एकमेकांना जाऊन भिडल्या, इतक्या मुकाट्यानं की त्याला आधी वाटलं, कुणीतरी मागे नळ सोडला. भाजी काढायची. हा उठतो का बघायचं. उठला, बाटल्यांकडे गेला, की घरी जाऊन लिहायचं. हद इल्ल.

हे तर सरळसरळ फसवणूक होती. व्यंकटला पुन्हा राग आला, पण आधीच्या रागाची धार ह्याला नव्हती. हा नुसताच मोठा होता. “मंजे तुमच्या त्या शिबिरात हे शिकविलं व्हय? मेलेल्या मानसाच्या भाजीनं तपासायचं?”

“न्हाई. त्यांनी चार रकाने दिलते. हद त्यात नव्हता. मी घातला.” मग वही पुढे सरकवून, “मागचं पान बगितलंस का?”

“कशाला बगू? सात पानांत पोट भरलं माझं.”

“बग मग. तुझंच हाय.”

व्यंकटनं सातवं पान उलटलं. मागे मराठी होतं. देवनागरीत, मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात, हात धरून गिरवल्यासारखं. रोज त्यावर बोट फिरवल्यासारखा कागद मधोमध काळा पडलेला. ‘देवा,’ असं लिहिलं होतं, ‘व्यंकटचा आई तुझा हातात हाय. तिला जप. व्यंकट ला राग हाय. राहू दे. घाई न्हाई. त्याचा जमीन चांगला हाय.’

“तू म्हनलावतास न्हवं,” प्रशांत म्हणाला, “त्याला मराठी येत न्हाई म्हनून. त्याला येत असंल. मलाच येत नव्हता नीट. मग शिकलो, तुझ्यापुरता.”

आठ वर्षं हा माणूस मराठी बोलत होता आणि आठ वर्षं त्याच्या मराठीत गाय येत होता, बस जात होता आणि चहा थंड झाली होती. व्यंकटनं ह्यावर कितीतरी हसून घेतलं होतं. आता त्यानं खिशातून लाल पेन काढलं, जे तो नापास नमुन्यांसाठी वापरायचा. कशासाठी, ते त्याचं त्याला कळलं नाही. एवढंच कळलं की समोर चूक आहे आणि ती तशीच राहू देणं बरं नाही. ‘व्यंकटचा’मधला चा त्यानं खोडला आणि वर ची लिहिलं. व्यंकटची आई. तिथं पेन थोडं अडलं. तीन वर्षांत त्यानं हे दोन शब्द मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जाशिवाय कुठे लिहिले नव्हते. मग ‘तुझ्या हातात’. ‘व्यंकटला’ जोडून. मग ‘त्याची जमीन’. आणि शेवटी, दुसरा इलाजच नव्हता, व्याकरणच तसं होतं, त्यानं ‘चांगला’वर काट मारली आणि स्वतःच्या हातानं, लाल शाईत, स्पष्ट लिहिलं, चांगली.

“तीन वर्सं,” तो म्हणाला, आणि आवाज चढवायचा त्यानं कसून प्रयत्न केला, “तीन वर्सं तू त्या देवाला हे असलं ऐकवायलास? रोज?”

“व्हय.”

“आन त्यानं एकदाबी सांगितलं न्हाई तुला? का आई ही बाईमानूस असती, ‘चा’ न्हाई, ‘ची’ पायजे म्हनून?”

प्रशांतकुमारनं वही आपल्याकडे ओढली, लाल अक्षरांवरून मातीचं बोट फिरवत ती ओळ नव्यानं, हळू, अडखळत वाचून पाहिली.

“सांगितलं की आत्ता,” तो म्हणाला.

  मोरीत बाटल्या उलट्या मांडून ठेवल्या होत्या, चकचकीत, पाच पावलांवर. व्यंकट खुर्चीत तसाच बसून राहिला.

“मीठ जास्त पडायचं तिच्या हातनं,” तो शेवटी म्हणाला. “अंबाडीत. तू उगं वाढवून सांगतूस.”